निबंधात वारलेले आजोबा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांइतका काटेकोर मेलेला माणूस अख्ख्या हडपसरात सापडणार नाही. जिवंतपणीही ते काटेकोरच होते म्हणा. सरकारी छापखान्यात प्रुफं तपासण्यात जन्म गेला. लग्नपत्रिका असो, औषधाची चिठ्ठी असो, सोसायटीची नोटीस असो, त्यांच्या लाल पेनातून काही सुटायचं नाही. मी एकदा दारात उभा राहून बायकोला म्हणालो, "हजारदा सांगितलं तुला!" तर जिन्यातून आवाज आला, "सहादा. मी ऐकलंय."

त्यांच्या नातीला परदेशातल्या कॉलेजात जायचं होतं. अर्जासोबत निबंध हवा होता : तुमचं आयुष्य बदलून टाकणारा प्रसंग. सतरा वर्षांच्या पोरीला असा प्रसंग कुठून येणार? स्वारगेटला एकदा चुकीच्या बसमध्ये बसली होती, तेवढाच! क्लासचे सर म्हणाले, "घरातलं कोणी गेलंय का? नाही? मग घालव कोणाला तरी." तिनं आजोबांना घालवलं. मरताना आजोबांनी तिचा हात धरला आणि ते म्हणाले, "जा, शीक. मी बघतोय." हे त्यांचे शेवटचे शब्द. अर्ज रवाना झाला आणि दुसऱ्या दिवशी निबंधाची प्रत आजोबांच्या हाती लागली.

आम्हाला वाटलं, आता घर डोक्यावर घेतात. छे! त्यांनी दोनदा वाचलं, लाल पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाले, "अहो, चूक एकच आहे. मी जिवंत आहे."

"मग कळवू या ना त्यांना."

"छपाईला गेलेला मजकूर बदलत नसतात. आता मूळ प्रतच दुरुस्त करायची."

"मूळ प्रत म्हणजे?"

"म्हणजे मी."

त्याच दुपारी त्यांनी नातीचा हात धरला, "जा, शीक. मी बघतोय," म्हणाले, आणि तिच्याशी बोलणं कायमचं थांबवलं. मी खूप भांडलो. "यापुढे एक शब्द जरी बोललो, तर ते शब्द शेवटचे राहतील का? पोरगी खोटी ठरेल," ते म्हणाले. स्वतःचा फोटो स्वतःच भिंतीवर लावला. हारही स्वतःच आणला, फुलवाल्याशी घासाघीस करून.

इथवर आम्ही हसत होतो. पण आमच्या जिन्यात माणूस आला की आपोआप लागणारा दिवा आहे. मांजराला लागतो, पालीलासुद्धा लागतो. आजोबांना लागेना. भरदुपारी त्या काळोख्या जिन्यात चपला तेवढ्या वाजायच्या. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला मी त्यांना बँकेत ओढून नेलं, तर मशीननं अंगठा तीनदा नाकारला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, उद्या या."

"कसा येऊ?" आजोबा शांतपणे म्हणाले. मी त्यांचा हात धरला. पहाटेच्या नळासारखा गार! त्या दिवसापासून त्यांना दिलेला चहा तसाच राहायचा, साय धरून. कप मात्र त्यांच्या हातात असायचा.

पोरीला प्रवेश मिळाला. पण तिनं पेढा बाजूला ठेवला. "आजोबा, मी नाही जात. खोटं होतं म्हणून कळवते," ती रडत म्हणाली. आजोबांनी तिच्या बॅगेची चेन लावली आणि बॅग दाराशी नेऊन ठेवली. निघताना ती त्यांच्या पाया पडायला वाकली, तर ते हळूच बाजूला सरकले. नमस्कार मागच्या भिंतीवरच्या फोटोला पोचला.

आता दर रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. तिच्या आईवडिलांचं बोलून झालं की फोन माझ्याकडे येतो. आजोबा शेजारीच बसतात, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे. परवा ती म्हणाली, "काका, आठवतंय का? आजोबांनी मला सायकल शिकवली तेव्हा मी पाचवीत होते."

माझ्या कानाशी गार वारं आलं. "चौथीत. सांगा तिला."

"चौथीत होतीस गं," मी म्हणालो.

तिनं एकदम वर पाहिलं. "कोण म्हणतं?"

मी शेजारी पाहिलं. आजोबा मान हलवून नको नको म्हणत होते.

"मलाच आठवलं आपलं."

"हो का?" तिनं डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "आणि सायकल हिरवी होती ना, काका?"

"लाल," कानाशी आवाज आला.