हलका धान, भारी धान

दवनीवाड्याच्या शांतीबाईचा राग म्हणे सदा नाकाच्या शेंड्यावर. असू दे! त्या दवाखान्यात ज्याला राग येत नव्हता, खरं तर त्याचीच नाडी तपासायला हवी होती.

१९५६ साली ती गोंदियाच्या त्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होती. शिकवणाऱ्या सुशिलाबाई इन्सुलिनचा इंग्रजी धडा मुलींकडून पोपटासारखा घोकून घेत. शांतीने लक्षात ठेवायला आपली खूण ठरवली. पाण्यासारखं नितळ इन्सुलिन म्हणजे हलका धान, लवकर येतो आणि लवकर संपतो. गढूळ तो भारी धान, उशिरा येतो आणि पुरतो. कापणी आधी हलक्याची, मग भारीची. सिरिंजमध्येही नितळ आधी, गढूळ मागून. मुलींना ते तिथल्या तिथे पाठ झालं. सुशिलाबाई मात्र कडाडल्या, "हा दवाखाना आहे, तुझ्या बापाची धानाची बांधी नव्हे!"

त्याच आठवड्यात टिकाराम नावाच्या शेतकऱ्याला पुन्हा बेशुद्ध आणलं. इन्सुलिनची सुई घ्यायची आणि शेतात कोसळायचं, हे त्याचं नेहमीचंच. "अडाणी लोक, सांगून ऐकत नाहीत," असं सुशिलाबाई म्हणाल्या. अहो, पण सांगितलं कोणत्या भाषेत? तो जेवतो कधी, हे एकाने तरी विचारलं?

तो घरी निघाला तेव्हा शांतीने विचारलं. पहाटे सुई घेऊन तो कामावर जाई, आणि बायको शिदोरी आणी ती ऊन डोक्यावर आल्यावर.

"सुई घेतल्यावर जेवत काऊन नाही, काकाजी?"

"दवा उपाशी पोटीच लागते ना बाई. जडीबुटी तशीच घेतो आमी."

"हे हलक्या धानासारखं हाय. पिकला का लगेच कापा लागते, नाही त दाणा झडते. सुई घेतली का लगेच जेवा, नाही त अंगातली साखर झडते. मंग बांधीत जा."

"असं सांगा ना! आतापावतर कोनी काऊन नाही सांगतलं?"

सुशिलाबाई दारातच उभ्या होत्या. रोग्याशी गावठी बोलली म्हणून त्यांनी शांतीचं वर्ष रोखलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! टिकाराम पुन्हा कधी बेशुद्ध होऊन आला नाही, त्याची दखल कोणी घेतली नाही.

नव्या मुलींसोबत शांती पुन्हा त्याच वर्गात बसली. सुशिलाबाई हसून म्हणाल्या, "सोपं आहे, मुलींनो. नितळ म्हणजे हलका धान, गढूळ म्हणजे भारी. झालं!"

शांतीच्या अंगाची लाही लाही झाली. खूण चोरली ती चोरली, तीही अर्धी! ती उठून उभी राहिली.

"बाई, दाणा झडते, ते राहिलं. माणूस त्याच्यानंच मरते."