माशांच्या उवा आणि आमची अक्का

प्रयोगाच्या वहीत फक्त आकडे जातात. बाकी जे काही घडतं ते आमच्या लॅबमध्ये चहाच्या टेबलावर साठत जातं, आणि चार वर्षांत ते वहीपेक्षा जाड झालंय.

मी नागपूरची. बेंगळुरूला जयनगरजवळच्या एका छोट्या लॅबमध्ये काम करते. तळ्यात पाळलेल्या रोहू-कटल्याला उवा होतात. मसुरीच्या डाळीएवढ्या, चपट्या. माशाला चिकटून रक्त पितात. उवेच्या शरीरात एक एन्झाइम असतं, त्याच्याशिवाय ती जगत नाही. ते बंद पाडणारं औषध आम्ही शोधतो. अडचण एवढीच, की माशाच्या शरीरातही जवळजवळ तसलंच एन्झाइम असतं.

हे सगळं मी बहिणीच्या सासूबाईंना अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमच्या पिंकीच्या डोक्याला चालेल का ते?"

* * *

आमच्या प्रमुख विजयाअक्का. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथल्याच बसवनगुडीत. मराठी बोलता बोलता कन्नड कधी सुरू होतं, त्यांनाही कळत नाही. पुण्याहून निखिल नवीन आला तेव्हा त्याला म्हणाल्या, "त्यात स्वल्प मीठ घाल." त्याने विचारलं, स्वल्प म्हणजे किती मिलिग्रॅम? अक्का म्हणाल्या, हाताला कळतं.

निखिलने वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, 'मीठ: स्वल्प.' त्या दिवशी निकाल फार सुंदर आला. तो आजवर कुणालाच पुन्हा काढता आलेला नाही.

* * *

एकदा मी तळ्यावरून जिवंत उवा आणत होते. बसवाल्याने पाण्याचा डबा चढवू दिला नाही, म्हणून महादेवपुऱ्यापासून ऑटो केला. ड्रायव्हरने विचारलं, मासे आहेत का? मी खरं ते सांगितलं. माणसाला चावत नाहीत हेही सांगितलं. तरी जयनगर येईपर्यंत तो डोकं खाजवत होता. थोड्या वेळाने मीही.

* * *

निखिलचं पहिलं औषध कॉम्प्युटरवर एन्झाइममध्ये अगदी चपखल बसलं. परीक्षानळीतही चाललं. टाकीत घातलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या उवा गळून पडल्या. आम्ही मैसूरपाक वाटला. सकाळी सहाही मासे पोट वर करून तरंगत होते.

अक्का म्हणाल्या, "उवेचं बंद पडलं, ते सरी, बरोबर. माशाचंही पडलं."

निखिलने ते मासे स्वतः मागच्या झाडाखाली पुरले. त्या दिवशी तो जेवला नाही.

* * *

दीड वर्षाने त्यानेच दुसरं औषध काढलं. यात मासे जगत होते. खऱ्या शेतावर चाचणी करायची ठरली, तेव्हा होसकोटेच्या पुढे मासे पाळणाऱ्या नंजप्पांनी आपल्या तीन सिमेंटच्या टाक्या दिल्या. मागच्या वर्षी उवांनी त्यांचं अख्खं तळं गेलं होतं. तिन्हींत उवा लागलेले मासे; दोन टाक्यांत औषध घालायचं, तिसरीत नाही. फरक दिसला की औषध खरं.

आठव्या दिवशी आम्ही गेलो. पहिल्या टाकीत उवा नाहीत. दुसरीत नाहीत. तिसरीतही नाहीत. निखिलने तिसऱ्या टाकीतले मासे दोनदा काढून पाहिले आणि तिथेच कठड्यावर बसला. उवा आपोआपच गेल्या असतील तर त्याची दीड वर्षं पाण्यात गेली होती.

अक्कांनी नंजप्पांना कन्नडमध्ये विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. तिसऱ्या टाकीतले मासे भिंतीला अंग घासत होते, म्हणाले. दोन दिवस बघितलं. मग पहिल्या टाकीतलं पाणी बादल्यांनी तिच्यात ओतलं.

अक्काही कठड्यावर टेकल्या. मग त्यांनी नंजप्पांना शेजारी बसवून समजावलं, की एक टाकी तशीच ठेवल्याशिवाय औषध खरं की खोटं हे कधीच कळणार नाही, आणि ते कळलं नाही तर बाकीच्या गावांना औषध मिळणार नाही. चाचणी पुन्हा करावी लागेल.

नंजप्पांनी सगळं नीट ऐकलं. मान डोलावली.

"पटलं, अक्का," ते म्हणाले. "पुन्हा करू. फक्त औषध न घालायची टाकी या वेळी तुमच्या घरी ठेवा."