पाणी माह्याकडं

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बाबा मूर्तिजापुरात भाजी विकतात. मी अमरावतीला बी.ए. केलं आणि कॅमेरा घेतला. लग्न, बारसं, साक्षगंध, सगळ्याचे फोटो काढते आणि चांगले काढते. म्हणून मावशीनं मला गळ घातली.

तिचा मुलगा बार्शीटाकळीकडच्या एका धरणावर जीवरक्षक आहे. लाल टीशर्ट, गळ्यात शिट्टी, शेजारी दोर बांधलेली ट्यूब. आमच्याकडं समुद्र नाही, त्यामुळं हे काम सांगितलं की लोक हसतात. तेल्हाऱ्याच्या एका मुलीकडं बोलणं चालू होतं. तिच्या वडलांनी विचारलं, "दिवसभर पाण्याकडं पाहत बसते म्हंता, मंग काम काय करते?" आधीचं एक स्थळ याच प्रश्नावर मोडलेलं. मावशी म्हणाली, "बाई, असा फोटो काढ का त्याचं काम दिसलं पायजे. आन् तोंडही."

रविवारी गेले. भाऊ उंच खुर्चीवर, पाठ माझ्याकडं. मी सवयीनं म्हटलं, "इकडं पाय, हसून."

"बोल ताई, ऐकून राहिलो," तो म्हणाला, पण मान हलली नाही. नवरदेवाला वळवते तसं मी त्याला दंडाला धरून वळवायला गेले, तर तिथल्या जीवरक्षकांतले सगळ्यात जुने काका बोलले, "पोरी, हे मंगल कार्यालय नाई. हात काढ."

मग त्यांची पद्धत कळली. पाळी बदलताना दुसरा येऊन शेजारी उभा राहतो, सगळं पाणी नजरेखालून घालतो आणि म्हणतो, "पाणी माह्याकडं." ते ऐकल्याशिवाय पहिला मान वळवत नाही. डबासुद्धा न पाहता खायचा. काकांनी एकदा ठेच्याचा अख्खा गोळा भाजी समजून तोंडात टाकला, आणि डोळे वाहत असताना पाण्याकडं पाहत राहिले.

पाळी सुटल्यावर भाऊ माझ्यासमोर उभा राहिला. छाती फुगवलेली, डोळे वटारलेले. आधार कार्डावरचा फोटो बरा म्हणायचा. काका डोकावून म्हणाले, "हा धाडू नको. पोरगी गाव सोडन."

दुपारी तो पुन्हा खुर्चीवर बसला. मी त्याच्या मानेचे आणि कानांचे भरपूर फोटो काढले. मग सुचलं, त्याचं तोंड पाण्याकडं आहे तर आपणच पाण्यात जावं. मला पोहता येत नाही. काकांनी लाइफ जॅकेटचे पट्टे दोनदा ओढून पाहिले आणि मला नावेत बसवलं.

नाव थोडी आत गेली. नीट दिसावं म्हणून मी उठले, तशी नाव हेलकावली. कॅमेऱ्यातून पाहते तर भाऊ थेट माझ्याकडं पाहत होता. अर्धा उठलेला, शिट्टी ओठांत, एक हात ट्यूबवर. सकाळपासून खुर्चीवरून जो एकदाही वळला नव्हता, त्याची नजर माझ्यावरून हटत नव्हती. मी आता त्याच्या पाण्यात होते. बटण दाबलं तेवढ्यात शिट्टी वाजली. "ताई, खाली बस पहिले."

तो फोटो तेल्हाऱ्याला गेला. दोन दिवसांनी मुलीच्या वडलांचा फोन आला. "पोरगी विचारते, हा एवढं कोणाकडं पाहून राहिला?"

"बहिणीकडं. तिले पोहता येत नाही," मावशी म्हणाली.

पुढच्या रविवारी बापलेक धरणावरच आले. भाऊ खुर्चीवर. "रामराम मामाजी, बसा," तो न वळता म्हणाला. "पाच मिनिटांत पाळी सुटते." मावशीनं कपाळाला हात लावला. मामाजी बसले नाहीत. त्याच्या शेजारी उभे राहून तेही पाणी पाहू लागले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "त्या तिकडचा पोट्टा लय आत चालला काय?"

"पाहून राहिलो. त्याचा बाप हाय संगं."

मुलगी तोवर माझ्याजवळ आली. "याची मान वळतच नाही काय?"

"पाण्याकडूनच दिसते त्याचं तोंड," मी म्हटलं.

तिनं चपला काढून माझ्या हातात दिल्या, पायऱ्या उतरली आणि शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय बुडवून, खुर्चीकडं तोंड करून उभी राहिली. शिट्टी वाजली.

"ओ बाई, तिथं शेवाळ हाय. एक पायरी वर या."

ती हसून एक पायरी वर आली. साक्षगंधाचे फोटो मीच काढले. पण ती पायरीवर हसली तेव्हा माझ्या हातात तिच्या चपला होत्या आणि कॅमेरा पिशवीत, याची हळहळ अजून आहे.