तेरणेतलं घोडदळ

बब्रुवानचा धंदा दात करायचा. धाराशिवला एका दवाखान्यामागच्या खोलीत तो कवळ्या घडवायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं तेरला घरी यायचा. जिल्ह्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी त्याच्या हातच्या दातांनी हुरडा खाल्ला असेल. पण गावात त्याचं नाव निघायचं ते दुसऱ्याच कारणानं. पन्नाशी उलटलेला हा गडी बाहुल्या रंगवतो, असं लोक म्हणायचे. बाहुल्या कसल्या! बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक होते ते, दोनशे वर्षांपूर्वीच्या नेपोलियनच्या लढायांमधले. पण हे पारावर कुणाला समजावणार? गाढवापुढं वाचली गीता.

हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं प्रेमानंदनं. प्रेमानंद धाराशिवच्या पोस्टात होता. पुण्याच्या जुन्या बाजारात त्याला टॉफीच्या डब्यात असले सैनिक सापडले आणि त्यातल्या एकाचा तुटका हात बसवून घ्यायला तो कवळीवाल्याकडं आला. बब्रुवाननं कवळीच्याच गुलाबी मसाल्याचा हात करून दिला. तिथून जी मैत्री जुळली ती जुळलीच. परदेशातून मोडकी पलटण मागवायची, जुना रंग उतरवायचा, हातपाय लावायचे, नवा गणवेश चढवायचा आणि रविवारी प्रेमानंदच्या टेबलावर हिरवी चादर टाकून फाशांवर लढाई मांडायची. लढाई बहुतेक एकच, वॉटर्लूची. प्रेमानंद हट्टानं नेपोलियन व्हायचा आणि हरायचा. त्याची बायको नंदा चहा ठेवताना म्हणायची, "हरला का? बरं झालं. आता जेवून घ्या."

"घोडदळ कमी पडलं," प्रेमानंद म्हणायचा. हरलेल्या माणसाला कारण लागतंच.

गेल्या वर्षी प्रेमानंदच्या दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टरांनी आता घरीच न्या म्हणून सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, हे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. त्याच आठवड्यात बब्रुवानकडं चिलखती घोडदळाचं अख्खं खोकं आलं. कुणाला मुंडकं नाही, कुणाला हात नाही, एका घोड्याचा तर पुढचा पायच गायब.

प्रेमानंद उशीला टेकून म्हणाला, "बब्रुवानराव, एवढं घोडदळ उभं करा. मला एकदा जिंकून जायचंय."

बब्रुवानला ते ऐकवेना. पण त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. रंग उतरवायचं काम तो एरवी धाराशिवच्या खोलीतच करायचा. या वेळी घाई म्हणून खोकं घरी आणलं. रंग उतरवून नुसत्या धातूचे घोडेस्वार धुतले आणि हाताशी दुसरं ताट सापडेना म्हणून देवघरातल्या ताम्हणात वाळत ठेवले. सकाळची गाडी धरायला तो निघून गेला. चूक झाली ती इथं.

संध्याकाळी आला तर ताम्हण घासूनपुसून जागच्या जागी. घोडदळ नाही.

घर चालवायची त्याची थोरली बहीण, सारजाबाई. नवरा गेल्यापासून ती भावाकडंच होती. "आक्का, ताम्हणातलं कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"सोडून आले तेरणेला," सारजाबाई म्हणाली. "हळद-कुंकू वाहिलं, दहीभात ठिवला. भंगलेले देव घरात ठिवू न्हायेत, बब्रू. कुणाच्या घरचे टाक आणलेस, काय म्हाईत. हात तुटलेला, घोड्यावरला खंडोबा मला बघवंना."

"आक्का, ते देव न्हाईत गं."

"तुला काय कळतंय? तुझ्या हातनं असलेच भंगलेले देव प्रेमानंदभाऊंच्या घरी जात असत्याल. म्हणूनच त्यांचं दुखणं सरंना. आता बघ, उतार पडंल."

प्रेमानंदच्या बापानंच देव सोडून बुद्धाला वंदन केलं होतं आणि त्या घरच्या माणसासाठी आक्कानं देव बोळवले होते. तिच्यावर ओरडावं तरी कसं?

बब्रुवान नदीच्या घाटावर गेला, पँट दुमडून पाण्यात उतरला आणि गाळ चाचपू लागला. हाताला बांगड्या लागल्या, नारळाच्या करवंट्या लागल्या, दुसऱ्यांचे भंगलेले देवही लागले. ते त्यानं परत पाण्यात सोडले. दिवस मावळेपर्यंत त्याला मिळाला तो एकच स्वार, तीन पायांच्या घोड्यावरचा. त्याचाही तलवारीचा हात तुटलेला. बब्रुवान पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

त्या एकट्याला त्यानं गुलाबी हात बसवला, निळा कोट रंगवला, चिलखत चमकवलं. घोड्याचा पाय करायला सवड राहिली नाही. धाराशिवला नेऊन दिला, तेव्हा प्रेमानंदनं तो तळहातावर घेतला आणि नव्या हातावरून बोट फिरवलं.

"बाकीचे?"

"मागनं येतायत. रंग वाळतोय."

प्रेमानंद हसला. "ग्रूशीपण मागनंच येत होता."

ग्रूशी हा नेपोलियनचा सरदार. वॉटर्लूला सगळे त्याच्या फौजेकडं डोळे लावून बसले आणि ती काही आली नाही. बब्रुवानला हे चांगलं ठाऊक होतं. तरी तो पुढच्या खेपेलाही म्हणाला, रंग वाळतोय. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. खरं सांगायची हिंमत त्याला झाली नाही आणि प्रेमानंदनंही परत विचारलं नाही. टेबलावर हिरवी चादर मात्र अंथरलेलीच होती.

प्रेमानंद गेला तेव्हा ती चादर तशीच होती. सगळं आटोपल्यावर नंदानं बब्रुवानच्या हातात स्वार ठेवला. "मुठीत होता, भाऊजी. बोटं सोडवून काढावा लागला. घोडे आले का, एवढंच विचारत होते."

तो तेरला आला. मयतीहून आलेल्या माणसासाठी सारजाबाईनं अंगणात बादली भरून ठेवली होती. अंगातला शर्ट काढताना खिशातून स्वार फरशीवर पडला. तिनं उचलला, उलटासुलटा करून पाहिला. नवा रंग होता, पण घोड्याला पाय तीनच होते.

"ह्यो त्योच की रं," ती म्हणाली. "म्या सोडलेला. तू परत आणलास?"

त्यानं बादलीत तांब्या बुडवला.

"अन् त्यांच्या घरी नेऊन दिलास?"

हे शिसं आहे, हा फ्रान्सचा शिपाई आहे, याचा प्रेमानंदच्या जाण्याशी काही संबंध नाही, हे सगळं बब्रुवानला सांगता आलं असतं. पण ज्याला हे कळलं असतं तो एकच माणूस होता आणि त्यालाच तो आत्ता पोचवून आला होता. सारजाबाईच्या डोळ्यांत राग नव्हता, कीव होती. तिनं आतून ताम्हण आणलं, स्वार त्यात ठेवला आणि चिमूटभर हळद वाहिली.

"उद्या तूच सोडून ये. तुझ्या हातानं."

"व्हय," बब्रुवान म्हणाला.