ओसी एकाहत्तरच्या जागी

हैबती महाडच्या एसटी डेपोत इलेक्ट्रिशियन होता. दिवसभर गाड्यांचे दिवे आणि हॉर्न. घरी आला की जुन्या मासिकातली सर्किटं जोडत बसायची त्याची हौस. शहाण्णव सालच्या दिवाळीत तो पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आपल्या वाडीवर गेला, तेव्हा थोरला भाऊ पांडू म्हणाला, "आईला आता घंटा पण ऐकू येत नाय. काल मैना गाय कारवीच्या झुडपात बसलेली, आई वीस पावलांवर उभी, तरी पत्ता नाय. रोज कोण हुडकणार? मैनेला गिऱ्हाईक बघितलंय. पुनवेला येतोय."

आई, धोंडूबाई, दोघांच्या ओठांकडे बघत होती. विकायचं तेवढं तिला कळलं.

"मला पण दावं लाव नि दे त्याला," ती म्हणाली.

त्या डोंगरात गवत माणसाला झाकतं. गुराच्या गळ्यातली लाकडी घंटा टोकटोक वाजते, तिच्यामागे जायचं, एवढाच गुरं राखायचा हिशेब. हैबतीने पांडूकडून पुनवेपर्यंतची मुदत घेतली.

त्याच्याकडे कानासाठी आवाज वाढवणाऱ्या यंत्राचं एक पिवळं पडलेलं पान होतं. तीन ट्रान्झिस्टर, तिन्ही ओसी एकाहत्तर नंबरचे, जुन्या जातीचे. महाडच्या बाजारातला रेडिओवाला चंदू पान बघून हसला.

"मेले ते, हैबती. बनायचेच बंद झाले."

"मग त्यांचा वारस दे."

"वारस हाय. बीसी पाचशे अठ्ठावन्न. पण बापाच्या चपला त्याला होणार नायत, सांगून ठेवतो."

खरंच होत नव्हत्या. जुना ट्रान्झिस्टर विजेच्या थोड्या दाबाने जागा होई, नव्याला जास्त लागे. हैबतीने रेझिस्टर बदलले तेव्हा कुठे आवाज फाटायचा थांबला. छोट्या माइकसकट सगळं साबणाच्या डबीत बसवून रविवारी तो वर गेला. डबी आईच्या चोळीत खोचली, वायर कानात दिली.

तिने दचकून कान झाकला. "सगळं रान माझ्यावर ओरडतंय रे!"

लुगड्याची घसट, बांगड्या, वाळलं गवत. त्या कालव्यात घंटा हरवली होती.

परतीच्या गाडीत हैबतीने ते पिवळं पान पुन्हा उलगडलं, तेव्हा चूक ध्यानात आली. गेलेल्या ट्रान्झिस्टरचं बळ त्याने नव्यात मोजून घेतलं होतं. त्याचं उणेपण मोजलं नव्हतं. ओसी एकाहत्तर स्वतःच थोडा बहिरा होता. बारीक, टोकदार आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नसत, लाकडी घंटेसारखा जाड आवाज तेवढा पोचे. घरी येऊन त्याने नव्या तिघांना एकेक छोटा कपॅसिटर जोडला आणि तेवढं बहिरेपण त्यांना परत दिलं.

पुनवेला सकाळी गिऱ्हाईक ओट्यावर येऊन बसलं. धोंडूबाई डबी लावून रानात शिरली, मागे हैबती. गवतात ती थांबली.

"वाजते."

डावीकडे गेली. परतली. उजवीकडे गेली. पुन्हा थांबली. एका कानाने घंटा कळते, दिशा कळत नाही. हे हैबतीला सुचलंच नव्हतं, आणि तिकडे ओट्यावर गिऱ्हाईक बसलेलं होतं.

आईने चोळीतून डबी ओढून काढली. डबीमागे तळहाताचा आडोसा केला आणि हात पुढे धरून जागच्या जागी हळूहळू गोल फिरली. एका जागी थबकली.

"हकडं घंटा मोठी होते."

ती निघाली. हात पुढे, डबी पुढे, आंधळ्याच्या काठीसारखी. कारवीच्या जाळीत मैना रवंथ करत बसली होती.

धोंडूबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग डबी हैबतीच्या तोंडासमोर धरली.

"आता तू बोल काय तरी. किती वर्सं झाली, तुझा आवाज नाय ऐकला."

हैबती डबीवर वाकला. "आई," तो म्हणाला. तिने मान हलवली, आणखी बोल म्हणून. "आई," तो पुन्हा म्हणाला.

गाय घेऊन दोघं परतली, तेव्हा ओट्यावर पांडूने आधी गायीकडे बघितलं, मग डबीकडे. मग गिऱ्हाइकाला म्हणाला, "आलाच हायस तर चहा घेऊन जा."