नाव नसलेल्या सूटमधली सिस्टर

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी देवाशी बोलणं सोडलं होतं. मी खराडीच्या एका रुग्णालयात नर्स. रोज दत्ताचं नाव घेऊन ड्यूटीवर जायचे आणि रोज कुणाचा तरी मृतदेह प्लास्टिकमध्ये गुंडाळून देऊन घरी परतायचे. शेवटी म्हटलं, महाराज, तुमची सेवा तुम्हालाच लखलाभ, माझ्याच्याने आता होत नाही. राजीनामा द्यायचं ठरवलं, तोच मला ताप भरला आणि माझ्याच वॉर्डात खाट मिळाली.

त्या खाटेवर मला धक्काच बसला. इतके महिने मी या खाटांभोवती धावले, पण खाटेवरचा माणूस किती एकटा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. श्वास पुरत नव्हता. भीतीने दत्ताला हाक मारायचंही सुचेना.

पीपीई सूट चढवला की आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो, म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायची पद्धत होती. मला सांभाळणाऱ्या सिस्टरच्या सूटवर नावच नव्हतं. मी ऑक्सिजनचा मास्क ओढायला लागले की ती म्हणायची, "अहो, आता तुम्ही पेशंट आहात. पेशंटसारखं वागा." मला पालथं झोपवून पाठीवरून हात फिरवत बसायची. ड्यूटी संपली तरी हलायची नाही. मला वाटलं, नवी दिसते, अजून दमली नाही.

घरी सोडलं त्या दिवशी ती साध्या साडीत भेटायला आली; आवाजावरूनच ओळखलं. पिकलेले केस, मोकळं कपाळ. जवळच्याच मांजरी गावात राहणाऱ्या निवृत्त नर्स होत्या त्या. माणसं कमी पडली म्हणून रुग्णालयाने बोलावलं होतं.

"माझे यजमान याच वॉर्डात गेले," त्या म्हणाल्या. "मला शेवटचं दिसावेत म्हणून तुम्ही व्हिडिओ कॉल लावून फोन धरून उभ्या होतात. हात अवघडला असेल, पण खाली घेतला नाहीत. कॉल लावलात तेव्हा सूटवरचं तुमचं नाव वाचलं, तेच इथे खाटेवर दिसलं."

मला ते गृहस्थ आठवेनात. चेहरा नाही, आवाज नाही, काहीच नाही. त्यांना तसं खरं सांगितलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मला आठवतं ना."

मी पुन्हा कामावर रुजू झाले. माझ्यातली माया आटली असं मी समजत होते, तेव्हाच महाराज माझ्या हातून काय करवून घेत होते, याचा मलाच पत्ता नव्हता. आता मी हिशेब मागत नाही. हात माझे, काम त्यांचं.