काकीचा ओटीपी

आमच्या मानकोलीतल्या हळदीचा डीजे ऐकला नसेल तर तुम्ही आवाज म्हणून काही ऐकलंच नाही. तो सुरू झाला की गोठ्यातली म्हैस दूध देत नाही, थेट ताकच देते! छपरावरची कौलं नाचत नाचत आपली जागा बदलतात आणि सकाळी आपापल्या घरी परत येतात. मी स्वतः पाहिलंय.

अशा डीजेसमोर माझी काकी उभी राहणार होती. काकी धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवला म्हणजे विधीची गाणी, आणि ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिने सुरुवात केल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. पण मागच्या एका हळदीत डीजेवाल्याने मध्येच बटण दाबलं, आणि काकीचे ओठ हलताना दिसले तेवढेच. घरी येऊन ती म्हणाली, "आता पोरीच्या हळदीत गाईन. तिथं पन ऐकू न्हाय आलं, तर धवला बंद. कायमचा." पोरगी म्हणजे माझी बहीण, काकीच्या मांडीवर वाढलेली.

म्हणून मी काकीच्याच मोबाईलवरून गळ्यात अडकवायचा माईक मागवला. हळदीच्या दिवशी दुपारी पार्सल येणार होतं.

आता गंमत ऐका. हा माईक कुठे पडून होता? आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या गोदामात. आणि ते गोदाम कुठे? काकीच्या शेतावर! जिथे काकी भात लावायची तिथे आता ट्रक लागतात. शेत दिलं, पैसे आले, ते मोबाईलमध्ये दिसायला लागले. तेव्हा काकीला मीच बसवून शिकवलं होतं: "काकी, जग इकडचं तिकडे झालं तरी ओटीपी कोणाला सांगायचा नाही. हा चार आकड्यांचा नंबर गेला की पैसे गेले." काकीने लगेच हिशोब मांडला: "म्हंजे आख्खं शेत आता या चार आकड्यांत हाय. ही कुंपनाची कडी हाय तर." असं समजावणं कुठल्या बँकेला जमलंय?

दुपारी मी मांडवाच्या बांबूवर चढून लायटिंगच्या माळा बांधत होतो. खाली डिलिव्हरीवाला आला आणि गोड आवाजात म्हणाला, "मावशी, ओटीपी सांगा."

बास! काकीने हातातला झाडू उगारला. "चोरा! दिवसाढवळ्या? दारात येऊन?" मी वरून ओरडतोय, "काकी, सांग त्याला!" आणि ती खालून, "तुला पन फितवला का याने?" तो गडी बाईकवर बसला तो गिअर न टाकताच गोदामाच्या दिशेने सुटला. मोबाईलवर लगेच संदेश आला: पार्सल गोदामात परत.

मला खाली उतरवून काकीने संदेश वाचून घेतला, खिडकीबाहेर बघितलं. "गोदामात? म्हंजे आपल्या शेतात. चल."

हळदीचं ताट तिथेच ठेवून आम्ही निघालो. गेटवरच्या माणसाने आम्हाला थांबवलं. "चाची, पास है?"

"पास? माज्या शेताला पास? तू उभा हाय ना, तिथं माजा बांध होता. सरक बाजूला."

तो बिचारा खरंच सरकला! आतून पार्सल आणलं, मशीन पुढे धरलं आणि म्हणाला, "बस, ओटीपी बता दो."

मी कपाळावर हात मारला. "काकी, हा खराखुरा आहे. मागवलेल्या वस्तूचा ओटीपी द्यावाच लागतो."

"तूच सांगितलंस, कोनाला सांगायचा न्हाय."

"मग मला दे, मी टाकतो."

"तू कोन? तू पन 'कोनाला'मध्येच."

तिकडे मांडवात डीजेवाला 'चेक, चेक' करायला लागला होता. पार्सल समोर, सूर्य उतरतोय आणि काकी मोबाईल पदराखाली धरून ठाम उभी. गेटवाला म्हणाला, "चाची, नही बताओगी तो नही मिलेगा."

काकीने पदराखालीच मोबाईलमधले आकडे बघितले. मग तिचे डोळे लुकलुकले. "सांगायची न्हाय मी," ती म्हणाली, "पन गायला कोनी मनाई केलीये?"

आणि तिने पदर खोचून धवला लावला!

"चार गं पानं, इड्याची पानं,
नऊ गं हळकुंडं ताटामंदी,
दोन गं नारळ, जोडीचं नारळ,
सात गं सुपाऱ्या पाटावरी..."

काय तो आवाज! आतले माल वाहणारे पट्टे थांबले, खोकी उचलणारी गाडी खोकं हवेत धरून उभी राहिली, महामार्गावरच्या ट्रकांनी हॉर्न गिळले. दोनतीन हमाल मोबाईल वर करून व्हिडिओ काढत होते. गेटवाला तोंड उघडं ठेवून ऐकत राहिला. मी त्याला कोपराने ढोसलं, "गिन ना! पान कितने, हळदी कितनी?" त्याने बोटांवर मोजत आकडे दाबले. चार, नऊ, दोन, सात. मशीन टुणकन वाजलं!

पार्सलवर लिहिलेलं वाचून ते काकीच्या हातात देत तो म्हणाला, "चाची, आपको माइक किसलिये चाहिये?"

खरी धमाल पुढे. आम्ही मांडवात पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला होता. डीजेवाला पोरगा त्याच्या त्या डोंगराएवढ्या स्पीकरांसमोर हात जोडून उभा. "काकी, आधी तुम्ही. ते ओटीपीवालं म्हना." आणि त्याने स्वतःच्या हाताने मुख्य बटण बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या त्या हाताला हे काम पडलं असेल!

काकी गायली. माईक गळ्यात होता, पण तो चालू करायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. शेवटच्या रांगेतली बहिरी आजीसुद्धा ताल धरत होती. बहिणीच्या गालावर हळद आणि डोळ्यांत पाणी. पुढचं कडवं तर सगळा मांडवच म्हणायला लागला: चार पानं, नऊ हळकुंडं, दोन नारळ, सात सुपाऱ्या!

काकी माझ्याजवळ आली, घाम पुसला आणि कानात म्हणाली, "बघ हां, मी कोनालाच सांगितला न्हाय."